पन्नास वाव खोल, चौदा लाख रुपये



मागच्या रविवारच्या लाइव्हमध्ये एका दादांनी प्रश्न विचारला आणि मी तो चक्क टाळला. प्रश्न असा होता: "सर, १९७० च्या दशकातलं रोलेक्स सबमरिनर चौदा लाखांत मिळतंय. इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊ का?" मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. कारण दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा तो प्रश्नच नव्हता. आणि खरं सांगतो, या विषयात माझे स्वतःचे हात एकदा भाजलेत. त्यामुळे तोंड उघडायला जरा जड जात होतं.

सोमवारी मी त्यांना फोन केला. भोसरीला त्यांचं शीट मेटलचं युनिट आहे, अकरा माणसं कामाला. एका मोठ्या पार्टीकडे दोन वर्षं अडकलेलं पेमेंट एकदाचं आलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात एका ब्रोकरने व्हॉट्सअॅपवर घड्याळाचा व्हिडिओ पाठवला. अंधाऱ्या खोलीत घड्याळाचे काटे आणि ठिपके हिरवेगार चमकतायत. खाली मेसेज: "पन्नास वर्षं जुनं, सगळं ओरिजिनल, बघा अजून कसं चमकतंय!"

तो व्हिडिओ लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

आधी हे प्रकरण आहे तरी काय?

डायव्ह वॉच म्हणजे पाणबुड्यांचं घड्याळ. आज ते लग्नात सुटावर घालतात, पण जन्माला आलं ते हत्यार म्हणून. जसा तुमच्या वर्कशॉपमधला व्हर्नियर, तसं.

१९५० च्या सुमाराला पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणं नवीन होतं. टाकीत हवा किती उरली हे सांगणारी साधनं फारशी भरवशाची नव्हती. खाली जाऊन किती मिनिटं झाली, एवढाच काय तो हिशोब. तो चुकला की जीव गेला.

स्वित्झर्लंडच्या ब्लांपां कंपनीचा प्रमुख होता ज्याँ-ज्याक फिश्टर. हा गडी स्वतः डायव्हिंगचा शौकीन. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा वेळेचं भान राहिलं नाही आणि खालीच त्याची हवा संपली. वाचला, पण डोक्यात किडा शिरला: पाण्याखाली वेळ दाखवणारं घड्याळ हवं. (एक गंमत सांगतो. ही कंपनी १९३३ पासून चालवत होती त्याची आत्या, बेटी फिश्टर. त्या काळात, त्या पुरुषी धंद्यात, एक बाई मालक! यांच्यावर एक वेगळा व्हिडिओ नक्की करायचाय.)

त्याच वेळी फ्रान्सच्या नौदलात पाण्याखाली लढणाऱ्या जवानांची तुकडी उभी राहत होती. कॅप्टन रॉबर्ट मालूबिए आणि लेफ्टनंट क्लॉद रिफो हे दोघे घड्याळ शोधत फिरत होते. जे मिळत होतं ते पाण्यात टिकत नव्हतं. मग त्यांनी स्वतःच कागदावर लिहून काढलं: काळी तबकडी, मोठे ठळक आकडे, अंधारात चमकणाऱ्या खुणा आणि बाहेरून फिरणारी कडी. ब्लांपांकडे आले, तर तिथे फिश्टर आधीच त्याच कामाला लागलेला.

१९५३ मध्ये घड्याळ तयार झालं. नाव ठेवलं 'फिफ्टी फॅदम्स'. आपल्या कोकणातले मच्छीमार समुद्राची खोली 'वाव' मध्ये मोजत आलेत ना? दोन्ही हात पसरले की एक वाव. फॅदम म्हणजे तेच, सहा फूट. पन्नास वाव म्हणजे ३०० फूट, साधारण ९१ मीटर. त्या काळात पाणबुड्याने याच्या खाली जाऊ नये असं मानलं जायचं.

घड्याळाभोवतीच्या त्या फिरत्या कडीला बेझल म्हणतात. पाण्यात उतरताना बेझलवरची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. नंतर काटा बेझलच्या ज्या आकड्यावर असेल तेवढी मिनिटं झाली. वजाबाकी नाही, डोकं लावणं नाही. फिश्टरने पाहिलं की ही कडी चुकून कशाला घासून फिरली तर माणूस मरेल, म्हणून त्याने ती दाबल्याशिवाय फिरणारच नाही अशी बनवली. किल्लीच्या जागी पाणी आत जाऊ नये म्हणून दुहेरी रबरी रिंग टाकली. दोन्हींची पेटंटं घेतली.

उद्योजक म्हणून इथे एक मिनिट थांबा. मालक स्वतः ग्राहक आहे, आणि दुसरा ग्राहक स्पेसिफिकेशन लिहून दारात उभा आहे. आपल्यातले किती जण आपलाच माल घरी वापरतात? मी सेमिनारमध्ये हे विचारतो तेव्हा मसालेवाल्यांचे हात वर जातात, बाकी हॉल शांत.

रोलेक्सचं सबमरिनर त्याच काळातलं, तेही १९५३-५४ चं. ओमेगाचं सीमास्टर ३०० आलं १९५७ मध्ये. जपानच्या सीकोने १९६५ मध्ये पहिलं डायव्ह वॉच काढलं. १९६७ मध्ये डोक्सा कंपनीने नारिंगी तबकडीचं घड्याळ आणलं, पाण्याखाली दिसायला सोपं म्हणून. मग १९६२ च्या 'डॉ. नो' मध्ये शॉन कॉनरीच्या मनगटावर सबमरिनर दिसलं होतंच. तिथून हत्याराचा रुबाब सुरू झाला.

पुढे काय झालं तुम्हाला माहीत आहे. १९६९ च्या डिसेंबरमध्ये सीकोने क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवरचं मनगटी घड्याळ आणलं. स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात १९७० च्या आसपास सुमारे ९०,००० माणसं होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साधारण तिसरा हिस्सा उरला. आणि १९८० च्याच दशकात पाणबुड्यांसाठी डायव्ह कॉम्प्युटर आले. आज तारकर्लीला जाऊन बघा, स्कूबा शिकवणाऱ्या पोरांच्या हातात कॉम्प्युटर असतो. म्हणजे ज्या कामासाठी ही घड्याळं बनली ते कामच गेलं. आणि काम गेल्यावर भाव वाढला! मला स्वतःला या गोष्टीचं अजून आश्चर्य वाटतं.

मग चौदा लाख कशाचे?

मोजक्या शब्दांत सांगायचं तर न बदललेल्या वस्तूचे. हेच नीट समजून घ्या, कारण आपल्या सवयीच्या बरोबर उलट आहे. आपण जुनी गाडी विकताना काय करतो? डेंटिंग, पेंटिंग, पॉलिश, नवीन सीट कव्हर. जुन्या डायव्ह वॉचला हे केलंत की किंमत कोसळते. रंग उडून राखाडी पडलेली बेझल, उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली तबकडी, पिवळट पडलेले ठिपके, यांना लोक जास्त पैसे देतात. तपकिरी तबकडीला तर 'ट्रॉपिकल' असं खास नाव आहे. आपल्या आईच्या भाषेत सांगायचं तर डाग पडलेली साडी नव्या साडीपेक्षा महाग!

वेडेपणा वाटतो ना? पण त्यामागे तर्क आहे. नवी तबकडी कोणीही छापू शकतो. पन्नास वर्षांचं ऊन कोणी छापू शकत नाही. निदान सहजासहजी नाही.

दुसरी गोष्ट दुर्मिळपणाची, आणि इथे माझा आवडता किस्सा. अमेरिकेच्या नौदलाला ब्लांपांचं घड्याळ हवं होतं, पण सरकारी खरेदीत 'अमेरिकन माल घ्या' हा नियम आडवा आला. न्यूयॉर्कचा आयातदार अॅलन टोर्नेक याने वाट काढली: तबकडीवर ब्लांपां नाव घालायचंच नाही, 'टोर्नेक-रेव्हिल' छापायचं. रेव्हिल हे ब्लांपांच्या तेव्हाच्या कंपनीचं नाव. तिच्या गावाचं नाव व्हिलरे, त्याचीच अक्षरं मागेपुढे करून बनवलेलं. अशी सुमारे हजार घड्याळं बनली. चमकण्यासाठी किरणोत्सारी पदार्थ वापरला होता, त्यामुळे काम संपल्यावर नौदलाने बहुतेक घड्याळं कचरा म्हणून नष्ट केली. जी चुकून वाचली त्यांच्यासाठी आज संग्राहक जीव टाकतात.

तिसरी गोष्ट मालकाची. स्टीव्ह मॅक्वीन या नटाचं सबमरिनर २००९ मध्ये लिलावात २,३४,००० डॉलरला गेलं. घड्याळ तसं त्या काळात दुकानात मिळणारं साधं ५५१२ मॉडेल. जास्तीचे पैसे त्याच्या मनगटाचे.

'रेडियम' ची परीक्षा

आता त्या व्हिडिओकडे येऊ.

आपण मराठीत अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला 'रेडियम' म्हणतो. बाईकचं स्टिकर रेडियम, देव्हाऱ्यातला ओम रेडियम. पण घड्याळांच्या बाबतीत तीन वेगवेगळे काळ आहेत. साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खरंखुरं रेडियम. मग आलं ट्रिटियम, तेही किरणोत्सारी, पण खूप सौम्य. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ल्युमिनोव्हा, ज्यात किरणोत्सार नाही. ते उजेड पितं आणि रात्रभर सोडत राहतं.

ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं. म्हणजे दर बारा-सव्वाबारा वर्षांनी निम्मं. पन्नास वर्षांत चार वेळा निम्मं झालं: निम्मा, पाव, अष्टमांश, सोळावा हिस्सा. शिवाय चमकणारी पूडही थकलेली असते. अशा घड्याळावर टॉर्च मारला तर ते क्षणभर मिणमिणतं आणि थोड्याच वेळात विझतं.

आता सांगा, १९७० च्या दशकातलं घड्याळ अंधारात हिरवंगार, तेही मिनिटन् मिनिट, कसं चमकेल?

ब्रोकर ज्याला पुरावा म्हणून दाखवत होता तोच त्याच्या विरुद्धचा पुरावा होता. मी दादांना हे सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "म्हणजे डुप्लिकेट?"

तसंही नाही, आणि इथे घाई करू नका. जुनं रोलेक्स कंपनीकडे सर्व्हिसिंगला गेलं की कंपनी स्वतः नवी तबकडी आणि नवे काटे बसवून देत असे. म्हणजे घड्याळ खरं, तबकडीही कंपनीची, पण काळ वेगळा. संग्राहक त्याला 'सर्व्हिस डायल' म्हणतात आणि भाव बराच कमी देतात. दुसरी शक्यता, कोणी तरी जुन्याच ठिपक्यांवर नवी पूड लावली. तिसरी, तबकडी पूर्ण बनावट. तिन्हींमध्ये 'सगळं ओरिजिनल' हे वाक्य खोटं ठरतं. आणि चौदा लाख त्या वाक्याचेच होते.

दादांना सांगितलं जात होतं तो माल ५५१३ मॉडेलचा. हे १९६२ ते १९८९ बनलं, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षं, त्यामुळे कोणत्या सालात काय बसत होतं याची माहिती भरपूर आहे. सत्तरीतल्या ५५१३ ची तबकडी मॅट असते, चकाकणारी नाही, आणि ठिपके रंगाने थेट तबकडीवर दिलेले. पांढऱ्या सोन्याच्या रिंगमध्ये बसवलेले ठिपके आणि चकचकीत तबकडी आली १९८० च्या दशकाच्या मध्याला. तबकडीच्या तळाशी, सहाच्या खाली, 'स्विस' सोबत 'टी' हे अक्षर आणि पंचवीसचा आकडा बारीक छापलेला असतो. ती ट्रिटियमची खूण. पट्टा काढला की दोन शिंगांच्या मधे बाराच्या बाजूला मॉडेल नंबर आणि सहाच्या बाजूला सीरियल नंबर कोरलेला दिसतो. सीरियल नंबरवरून साल लागतं. सीरियल सत्तरीतलं आणि तबकडी ऐंशीतली, तर घड्याळ दोन घरांतून गोळा केलेलं आहे.

काटे आणि ठिपके एकाच रंगाचे म्हातारे झालेत का, तेही बघा. ठिपके मधासारखे पिवळे आणि काटे पांढरेशुभ्र असतील तर काटे बदललेत. शिंगं बाजूने बघा: मूळ कडा धारदार असते, बफिंगच्या चाकावर गेलेली गोल आणि बारीक होते. तुम्ही शीट मेटलवाले आहात, मी दादांना म्हटलं, कडा ओळखायला तुम्हाला कोण शिकवणार!

एक सावधगिरीची सूचना, आणि ही मी हसत सांगत नाहीये. घरात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं घड्याळ असेल, ठिपके तपकिरी जळके दिसत असतील, तर ते स्वतः उघडू नका आणि ब्लेडने खरवडायला कोणाला देऊ नका. रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षं. चमक गेली तरी ते तिथेच असतं, आणि त्याची धूळ श्वासात जाणं घातक आहे. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी तबकड्यांना रेडियम लावणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायच्या. त्यातल्या अनेक जणी त्याने आजारी पडून मेल्या.

मोठेही फसतात

तुम्ही म्हणाल, आम्ही लहान माणसं, मोठ्या लिलावातून घेतलं की झालं. ऐका. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात ओमेगाचं १९५० च्या दशकातलं स्पीडमास्टर तीस लाखांहून जास्त स्विस फ्रँकला गेलं. हे डायव्ह वॉच नव्हे, पण त्याच काळातलं, त्याच बाजारातलं. तपकिरी, 'ट्रॉपिकल' तबकडी. घेणारं कोण? खुद्द ओमेगाचं म्युझियम. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं होतं, आणि कंपनीनेच सांगितलं की या प्रकरणात तिचे तीन माजी कर्मचारी गुंतले होते. अशा जोडकामाच्या घड्याळाला जगभर 'फ्रँकनवॉच' म्हणतात.

जिने ते घड्याळ जन्माला घातलं तीच कंपनी फसली. आपण तर व्हॉट्सअॅपवर बघतोय.

आणि आपल्याला यात नाक वर करायला जागा नाही. परदेशी संग्राहकांच्या बोलण्यात 'मुंबई स्पेशल' असा शब्द आहे. वडापाव नव्हे! भडक निळी, लाल, केशरी तबकडी नव्याने रंगवलेली, अक्षरं थोडी वाकडी, केस घासून गुळगुळीत केलेली, जुनी एचएमटी, सीको, फेव्हर ल्यूबा. आपल्याकडून परदेशात इतकी गेली की शहराचं नावच त्याला चिकटलं. बनवणाऱ्या कारागिरांचा हात वाईट नाही हो. बंद पडलेलं घड्याळ गरिबाला परत चालू करून देणं ही चांगलीच सेवा होती. पण तेच 'ओरिजिनल व्हिंटेज' म्हणून विकलं की सेवा संपली.

आता माझी गोष्ट.

माझे काका मर्चंट नेव्हीत होते. देवगडचे. त्यांच्याकडे फेव्हर ल्यूबाचं 'डीप ब्लू' होतं. ही १७३७ सालची स्विस कंपनी, एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत तिचा माल येत होता, त्यामुळे आपल्याकडच्या कपाटांत तिची घड्याळं भरपूर सापडतात. (बहुतेक घरांत असतं ते 'सी किंग' किंवा 'सी चीफ'. नावात समुद्र आहे म्हणून पाण्यात घालू नका, ती साधी ऑफिसची घड्याळं. याच कंपनीने १९६८ मध्ये 'बॅथी' नावाचं घड्याळ काढलं होतं, ज्यात पाण्याच्या दाबावरून खोली दाखवणारा वेगळा काटा होता. त्याला मात्र सलाम.) मी धंदा सुरू केला तेव्हा काकांनी ते डीप ब्लू माझ्या हातावर बांधलं. तबकडी मळकट, काचेला ओरखडे, बेझलचा रंग उडालेला. मला लाज वाटायची. क्लायंटसमोर असं घड्याळ?

२०११ मध्ये मी ते एका दुकानात दिलं. "नव्यासारखं करून द्या." अठराशे रुपये. आठ दिवसांनी खरंच नव्यासारखं मिळालं. निळीभोर तबकडी, चकाकणारी केस, हिरवं रेडियम. मी खूश. गणपतीला देवगडला गेलो, काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, घड्याळ फिरवून फिरवून बघितलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "चांगलं आहे रे. पण हे माझं नाही."

मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला ओळखू येत नाहीये. खूप वर्षांनी पुण्यात घड्याळवेड्या मंडळींच्या एका गप्पांच्या बैठकीत मी ते अभिमानाने टेबलावर ठेवलं. एका गृहस्थांनी भिंग लावलं आणि अगदी हळू, मला लागू नये म्हणून जवळ सरकून विचारलं, "हे मुंबईत रंगवून घेतलंत का?" मूळ तबकडी कुठे गेली विचारायला त्या दुकानात गेलो, तर तिथे आता मोबाइल कव्हर विकतात. तबकडी बदललीच नव्हती म्हणा, त्याच पत्र्यावरचा जुना रंग खरवडून नवा दिला होता. ते परत येत नाही. काकाही आता नाहीत.

दुकानदाराची चूक होती का? मी जे मागितलं ते त्याने दिलं. मला काय मागतोय तेच माहीत नव्हतं.

आता धंद्याचा हिशोब

दादांकडे परत. समजा घड्याळ शंभर टक्के खरं निघालं. तरी घ्यायचं का?

मी त्यांना विचारलं, ओव्हरड्राफ्ट आहे? आहे, अकरा टक्क्यांनी. किती वापरलाय? जवळजवळ पूर्ण. म्हणजे हे चौदा लाख ओडीत भरले तर वर्षाला १,५४,००० रुपये व्याज वाचतं. खात्रीने, काहीही न करता. घड्याळात टाकले तर घड्याळाने आधी वर्षाला अकरा टक्के वाढायचं, तेव्हा कुठे बरोबरी. पोलादवाला रोखीत दोन टक्के सूट देतो ते वेगळंच.

विकायला गेलात तर? घड्याळाला शेअरसारखं बटण नसतं. डीलर त्याचं मार्जिन ठेवूनच घेणार. मोठ्या लिलावगृहात तर खरेदीदाराचा प्रीमियमच पंचवीस टक्क्यांच्या पुढे असतो, म्हणजे हातोडा पडला त्या आकड्यापेक्षा घेणाऱ्याचा खर्च कितीतरी जास्त. २०२१ ते २०२२ च्या सुरुवातीपर्यंत लक्झरी घड्याळांचे भाव आकाशाला भिडले आणि मग चांगलेच खाली आले. वरच्या भावात घेतलेले अनेक जण अजून मनगटाकडे बघत बसलेत. चांगल्या कारागिराकडचं सर्व्हिसिंग, पार्ट, विमा, लॉकर. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दमट हवेने तबकडी खराब होते ते आणखी. आणि एवढं करून ते घालून पोहायचं नाही! पन्नास वर्षांच्या रबरी रिंगांवर भरवसा ठेवून पाण्यात उतरणं म्हणजे चौदा लाखांचं मत्स्यालय.

कागदपत्रांचं विचारलं तर म्हणाले, ब्रोकर अर्धे रोख मागतोय. मित्रांनो, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड. आणि २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांच्या वरचं मनगटी घड्याळ विकताना, कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या विक्रेत्याने एक टक्का टीसीएस कापायचाय, तो तुमच्या रिटर्नमध्ये दिसतो. परदेशातून मागवलं तर कस्टम ड्युटी, आयजीएसटी. हे सगळं तुमच्या सीएसमोर बसून बघा, माझ्या ब्लॉगवरून नको. बिल देत नाही म्हणणारा माणूस उद्या घड्याळ परत घेणार आहे का, एवढंच मी विचारलं.

शौकाच्या मी विरुद्ध नाही. अजिबात नाही. तुमच्या पगारातून, म्हणजे कंपनीतून तुम्ही जो ठरलेला पगार काढता त्यातून, बाजूला टाकलेल्या पैशांतून घ्या. जुनी सीको आहेत, फेव्हर ल्यूबा आहेत, लहान रकमेत हात बसतो. चूक झाली तर शिकवणी फी परवडते. सहा महिने नुसते फोटो बघा. सर्व्हिसिंगला देताना बिलावर लिहून घ्या: पॉलिश करायचं नाही, तबकडीला हात लावायचा नाही, जो पार्ट बदलाल तो पुडीत घालून परत द्यायचा. हे मी आता प्रत्येक वेळी लिहून घेतो.

दादांना मी एकच काम दिलं होतं. ब्रोकरला सांगा, पट्टा काढून दोन्ही नंबरांचे फोटो पाठव, आणि घड्याळावर मिनिटभर टॉर्च मारून, लाइट बंद करून दहा मिनिटांचा व्हिडिओ दे, मधे न कापता. अर्ध्या तासात उत्तर आलं: "साहेब, दुसरं गिऱ्हाईक बसलंय. तासाभरात टोकन टाका, नाहीतर विसरा."

त्यांनी टोकन टाकलं नाही. पैसे ओडीत गेले.

पण खाज काही गेली नाही, ते मला दिसतंय. त्यांनी पगारातून महिन्याला पंधरा हजारांचं वेगळं खातं उघडलंय, आणि आता वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून अंधारातले व्हिडिओ मागवून मला पाठवत असतात. रात्री अकरा वाजता फोन टिंग करतो, बायको म्हणते आले तुमचे भोसरीवाले. परवा एका जुन्या सीकोचा व्हिडिओ आला. ठिपके मिणमिणले आणि दोन मिनिटांत पूर्ण काळोख. खाली दादांनी लिहिलं होतं, "सर, विझलं! विझलं!!"

किंमत विचारली आहे. उत्तराची वाट बघतोय.